मंदा आणि दोन शाली

मंदा गुरवचा डावा पाय कशाने गेला, यावरून आमच्या बिल्डिंगमधल्या दोन बायकांचं असं वाजलं की पुढे त्यांनी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाणंसुद्धा बंद केलं. एकीचं म्हणणं, लहानपणी ती आंब्याच्या झाडावरून पडली. दुसरी देवाशपथ सांगायची की खाडीत मगरीने पाय ओढला. दोघींनाही हे खुद्द मंदानेच सांगितलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिटायर्ड गृहस्थांना तर तिने सर्कशीत झोपाळ्यावरून पडल्याचं सांगितलं होतं, आणि ते बिचारे तिच्याकडे फार आदराने बघायचे.

खरं म्हणजे पोलिओ. दोन वर्षांची असताना ताप आला आणि पाय घेऊन गेला, एवढीच गोष्ट. मी तिला म्हटलं, "अगं बाई, खरं सांगायला काय होतं?"

"वहिनी, पोलिओ म्हटलं की लोक चक्‌चक् करतात आणि निघून जातात. मगर म्हटलं की बसून ऐकतात. आणि मला विचारणाऱ्याने निदान थोडं घाबरावं तरी."

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला राहायला आलो होतो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. इमारती नव्या, रस्ते अर्धे, आणि डास मात्र पूर्वीपासूनचे. माझं घर तळमजल्यावर, गुरवांचं दुसऱ्या. लिफ्ट नव्हती. संध्याकाळी वर चढायच्या आधी मंदा माझ्याकडे थांबायची, चहा प्यायची, आणि मग जिन्याला शिव्या देत वर जायची. आम्ही दोघी रबाळ्याच्या एकाच फॅक्टरीत होतो. फॅक्टरी फिनेलची. मी अकाउंट्सला, ती डिस्पॅचला. आमच्या टेबलांमधे एक प्लायवूडची भिंत होती, ती नसती तरी चाललं असतं, कारण मंदाचा आवाज कंपाउंडच्या बाहेर चहाच्या टपरीपर्यंत जायचा.

तिच्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर होतं. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी एक खटका. बसताना तो काढायचा, उभं राहताना लावायचा. खट्. या एका आवाजावरून अख्ख्या ऑफिसला तिचा मूड कळायचा. हळू खट् म्हणजे चहाला निघाली. जोरात खट् म्हणजे कोणाची तरी कंबख्ती भरली. मॅनेजरसाहेबसुद्धा तो जोरातला आवाज आला की फोन उचलून कोणाशी तरी बोलत असल्यासारखं करायचे. बगलेत कुबडी असायची, तिचा उपयोग चालायला कमी आणि दाखवायला जास्त. "ते खोकं तिकडे, हे इकडे, आणि तुम्ही बाजूला." दार वाजवायचं तेही कुबडीनेच. माझ्या दाराचा रंग खालून एवढा उडाला की आमच्या ह्यांनी तिथे पत्रा ठोकला.

दिसायला चांगली होती. सावळी, नाकीडोळी नीटस, लांब वेणी. वय अठ्ठावीसच्या पुढे गेलेलं, आणि हाच गुरवकाकूंच्या जिवाला घोर. काकू बघावं तेव्हा डोळ्याला पदर. मुलीसाठी स्थळं आणायच्या तीही कसली, तर एकाची बायको वारलेली, एकाचे तीन दात पुढे आणि अक्कल मागे, एकाला नोकरीच नाही पण "मुलगी कमावते ना, मग ॲडजस्ट करू." मंदा म्हणायची, "आईला वाटतं माझा एक पाय कमी आहे, म्हणून नवऱ्यातही काहीतरी कमी चालेल."

त्यातला एक कार्यक्रम मला डोळ्यांसमोर दिसतो, कारण शेवट माझ्याच घरात झाला. रविवार होता. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. पोहे झाले, चहा झाला. मुलगा काही बोलेना. मामा मात्र जबाबदार माणूस. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मुलीने जरा चालून दाखवावं."

आता हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं आहे. धडधाकट मुलींनाही चालून दाखवायला लावतात. पण जिची कुबडी समोर भिंतीला टेकलेली आहे तिला? काकूंचा पदर डोळ्याला गेलाच. मंदाने शांतपणे खटका लावला. उठली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. मग दारापर्यंत. मग दार उघडून बाहेर. मग जिना. पाहुणे बसले आहेत, वाट बघताहेत, आता येईल, मग येईल. इकडे माझं दार धाडकन वाजलं.

"वहिनी, पोहे आहेत का? वर मला खाऊ दिले नाहीत."

"अगं, पाहुणे?"

"त्यांनी चालून दाखव म्हणून सांगितलं. परत ये म्हणून नाही सांगितलं."

ती माझ्याकडे दोन तास बसली. मामा जाताना दारावरून गेला तेव्हा तिने आतून ओरडून विचारलं, "पुढे चालू का अजून?" माणूस वळूनसुद्धा न बघता गेला.

असं असताना तिच्या आयुष्यात बाळाराम आला, तो टेम्पो घेऊन.

बाळाराम म्हात्रे घणसोली गावचा. त्याच्या टेम्पोतून आमचा माल वाशी-पनवेलला जायचा. दिसायला असा देखणा गडी की पॅकिंगच्या मुली गेटकडे तोंड करून बसायच्या. उंच, भरदार, मिशी. पण स्वभाव? फुंकर मारली तर पडेल. कोणाला नाही म्हणून म्हणता यायचं नाही. एकदा एका फेरीवाल्याने त्याला बायकांच्या टिकल्यांची अख्खी पाकिटं विकली होती, आणि घरात बाई एकच, ती म्हणजे त्याची विधवा आई. हिराबाई म्हणजे घणसोलीतलं मोठं प्रस्थ. बाळाराम तिला टरकून असायचा.

आमच्या फिनेलच्या खोक्यांवर मोठा लाल बाण असायचा. बाण वर पाहिजे. उलटं खोकं लावलं की बाटल्या गळतात. पहिल्याच दिवशी बाळारामने एक खोकं उलटं लावलं. मंदाची खट् झाली, ती बाहेर गेली आणि तिने त्याला असं झापलं की समोरच्या फॅक्टरीतले लोक भिंतीवरून बघायला लागले. "बाण दिसत नाही? की बाण बघून वर आभाळात बघता? म्हात्रे, हे फिनेल आहे, उसाचा रस नाही!" बाळाराम मान खाली घालून उभा. खोकं सरळ केलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक उलटं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज एक. जास्त नाही, कमी नाही. तिची कुबडी रोज त्या खोक्यावर आपटायची. बाकी टेम्पो असा नीट रचलेला की बघत राहावं, आणि मधोमध एक खोकं डोक्यावर उभं. प्रेमात पडलेल्या माणसाच्या अंगाला अत्तराचा वास येत असेल कुठे, बाळारामच्या अंगाला फिनेलचा यायचा.

मला आधीच संशय आला होता. मंदाला तर माझ्याही आधी आला असणार, पण ती कबूल करणाऱ्यातली नव्हे. शेवटी एका दुपारी तिने त्याला टेबलाशी बोलावलं. मी प्लायवूडच्या अलीकडे कान देऊन. का नाही देणार?

"म्हात्रे, तुम्ही रोज एक खोकं उलटं लावता, ते अक्कल नाही म्हणून की आणखी काही?"

बारीक आवाज आला, "आनखी काय तरी."

"मग बोला."

"तुमी वराडता ना… त्ये ऐकाला बरं वाटतं."

आता मंदा गप्प. तिला गप्प झालेली मी पहिल्यांदा ऐकली. मग म्हणाली, "लग्न केलं तर जन्मभर ऐकावं लागेल."

"चालंल."

"जिना चढताना जास्त ओरडते."

"आमचं घर खालीच हाय."

झालं. ठरलं. मी इकडे बेरीज करत होते, ती तीनदा चुकली आणि मला इतका आनंद झाला की मी चौथ्यांदा केलीच नाही.

गुरवकाकू पुन्हा रडल्या, यावेळी उलट कारणाने. मंदाचे वडील, आप्पा, म्हणाले, "जातीचं काय?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "जाऊ दे." खरा डोंगर होता हिराबाई. तिने निरोप पाठवला, पोरगी मना बघू दे. मंदा मला सोबत घेऊन घणसोलीला गेली. त्या दाटीवाटीच्या गल्लीत रिक्षा आत जाईना, तर शेवटचा तुकडा चालत, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायका जमलेल्या. मंदा प्रत्येकीला "काय, जेवलात का?" विचारत गेली, जशी काही ती तिथलीच आणि त्याच नव्या.

हिराबाई अंगणात बसली होती. ठेंगणी, नाकात नथ, समोर टोपलीभर मांदेली. तिने आधी पाय बघितला. चोरून नाही, सरळ. मग तोंड बघितलं.

"पानी कोन आनील? नल गल्लीच्या तोंडाशी हाय."

"तुमचा मुलगा," मंदा म्हणाली. "धडधाकट आहे ना?"

"माज्या घरान त्यानं कंदी हंडा उचलला नाय."

"मग चांगलं आहे. खांदे ताजे असतील."

हिराबाईने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि टोपली पुढे सरकवली. "मावरा साफ कराला येतंय?"

मंदाने खटका काढला, पाय लांब करून खाली बसली, पदर खोचला आणि मांदेली हातात घेतली. दोन मिनिटांत हिराबाई ओरडली, "अगं, अर्धं मावरा तर टाकूनच देतंस! गावान कोनी शिकवला नाय काय तुना?" मंदा म्हणाली, "गावात आम्ही मोठे मासे खायचो, हे असलं बारीक कोण सोलत बसतंय?" मग जी जुंपली! मांदेलीवरून, वाटणावरून, कोकम की चिंच यावरून. मी मधे बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होते. बाळाराम दाराच्या मागे लपला होता. शेवटी हिराबाई त्याच्या दिशेने म्हणाली, "तोंडाची फटकळ हाय. आन घरान."

परतताना रिक्षात मंदा तोंड फिरवून बसली होती. मला वाटलं दुखावली. बघते तर डोळे भरलेले. म्हणाली, "वहिनी, ही पहिली बाई, जिने मला बघून डोळे नाही पुसले. सरळ भांडली माझ्याशी." मी नुसता तिचा हात धरला, तर म्हणाली, "सोडा, मांदेलीचा वास येतोय."

लग्न फेब्रुवारीत ठरलं. आणि जानेवारीत आमचे दळवीसाहेब मधे आले.

दळवीसाहेब सोसायटीचे चेअरमन. माणूस देवासारखा, पण त्यांना एक नाद होता. सत्कार. कोणाचंही काही झालं की शाल आणि श्रीफळ. दहावी पास झालेल्यांचा सत्कार समजू शकते, पण त्यांनी दहावीला पुन्हा बसण्याची जिद्द दाखवल्याबद्दलही एकाचा केला होता. प्लंबरचा केला. टाकीत पडलेली मांजर काढणाऱ्याचा केला. त्यांच्या कपाटात शालींची चळत असायची. आमच्या ह्यांचाही झाला आहे, कशाबद्दल ते आम्हाला दोघांनाही आठवत नाही.

सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असायची. आप्पांनी होणाऱ्या जावयाला प्रसादाला बोलावलं. बाळाराम इस्त्रीचा शर्ट घालून आला, मंदा मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. आरती झाली. आणि दळवीसाहेबांनी माईक हातात घेतला.

"आज आपल्यामधे एक थोर तरुण आहे," ते म्हणाले. "हुंडा मागणाऱ्या या जगात, ज्याने एका दुर्दैवी, अपंग भगिनीला पदरात घेतलं! स्वतः धडधाकट असून एवढा त्याग! असे तरुण घराघरात निपजले पाहिजेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळारामला हाताला धरून वर नेलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. त्याला काय चाललंय ते कळतच नव्हतं. नाही म्हणायचं कसं हे तर त्याला जन्मात कळलं नव्हतं.

पहिल्या रांगेतून मंदाचा आवाज आला, अगदी गोड. "दळवीकाका, नंतर माझा पण सत्कार आहे का?"

दळवीसाहेब प्रेमाने हसले. "तुझा कशाबद्दल, बेटा?"

लोकही हसले. माईक बाळारामच्या तोंडासमोर आला. तो त्यात म्हणाला, "थँक्यू."

खट्.

एवढा हळू खटका मी तिचा कधी ऐकला नव्हता. ती उठली आणि मधल्या वाटेने निघून गेली. माझ्या दाराशी थांबली नाही. जिन्याला शिव्याही दिल्या नाहीत. मी मागोमाग वर गेले तर म्हणाली, "लग्न मोडलं. आईला सांगितलंय, ती रडतेय आत."

"अगं वेडी आहेस का? त्याला बिचाऱ्याला काय कळतंय? भोळा आहे तो."

"भोळा आहे, माहीत आहे मला. पण वहिनी, मला नवरा पाहिजे होता. भांडायला, रुसायला, ओरडायला. आता तो थोर झाला. उद्या मी त्याला म्हटलं, टॉवेल पलंगावर का टाकलास, तर अख्खं कोपरखैरणं म्हणेल, एवढ्या थोर माणसाला बोलतेस? ज्याने पदरात घेतलं त्याला? थोर माणसाशी भांडता येतं का? जन्मभर मला त्याचं थँक्यू म्हणावं लागेल. ते मला जमणार नाही. त्यापेक्षा मी एकटी बरी."

खरंच होतं ते. मला दळवीसाहेबांचा असा राग आला की मी दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवर नमस्कारही केला नाही.

आणि मग फॅक्टरीत जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. बाळाराम रोज यायचा आणि रोज एक खोकं उलटं लावायचा. मंदा यायची, बघायची, म्हणायची, "ठीक आहे. जाऊ द्या." अहो-जाहो तर पूर्वीही होतंच, आता त्यात साखर पडली. "तुम्ही दमला असाल, पाणी घ्या." माणूस उभा सुकला. मग दोन उलटी लावायला लागला. मग अर्धा टेम्पो. शेवटी एकदा अख्खा टेम्पो उलटा, सगळे बाण जमिनीकडे, खालून फिनेलची धार लागलेली, आणि हा हात जोडून उभा. अख्खी फॅक्टरी श्वास रोखून बघत होती. मंदाने बघितलं. म्हणाली, "काही हरकत नाही," आणि आत आली. त्या दिवशी रबाळ्याच्या त्या रस्त्यावर म्हणे एक डास नव्हता. पण ती आत येऊन टेबलावर डोकं ठेवून रडली. तिला तेव्हा रडताना मी एकटीने पाहिलं.

तोड काढली हिराबाईने. तिला उशिराच कळलं, कारण बाळारामची सांगायची छातीच नव्हती. कळलं तेव्हा म्हणे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "शाल पांघराला तू काय बालंतीन हायस? पोरगी तू पसंत केलीस का म्हैस सोडवून आनलीस? जा, दे त्याची त्याला परत!" नारळ मात्र परत देता येण्यासारखा नव्हता, तो हिराबाईने कधीच कालवणात घातला होता. तर बाळारामने बाजारातून नवा घेतला.

रविवारी सकाळी तो समोरच्या बिल्डिंगमधे दळवीसाहेबांकडे शिरला. मी वर मंदाच्या गॅलरीत होते; शाल परत करायला तो येतोय, हा हिराबाईचा निरोप तिला आधीच पोचला होता. ती कपडे वाळत घालत होती, म्हणजे एकच पेटीकोट पुन्हा पुन्हा झटकत होती. बाळारामचा टेम्पो खाली उभा, आणि तिचे डोळे दळवींच्या दारावर. "म्हणता येईल का हो त्याला?" ती म्हणाली. "फक्त एवढंच म्हणायचंय, की ही शाल नको. तेवढं जमलं तर…" आणि पेटीकोट पुन्हा झटकला.

आत काय घडलं ते मला नंतर आमच्या ह्यांनी सांगितलं. ते दर रविवारी दळवींकडे फुकट पेपर वाचायला जायचे.

बाळाराम दारात उभा राहिला. दोन्ही हातांत शाल, शालीवर नारळ. घाम फुटलेला. "साहेब," तो म्हणाला, "ह्ये… तुमाला." आणि अडकला.

आता तुम्हीच सांगा. सकाळच्या वेळी, इस्त्रीच्या शर्टात, हातात शाल आणि श्रीफळ घेऊन माणूस दारात आला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो? दळवीसाहेब खुर्चीतून उठले. "माझा?" ते म्हणाले. "माझा सत्कार?" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सगळ्या वसाहतीला शाली पांघरल्या त्या माणसाने, पण त्यांच्या खांद्यावर कधी कोणी टाकली नव्हती. म्हणाले, "बायको होती तेव्हा गमतीने म्हणायची, तुमचा एकदा मी करीन. राहूनच गेलं." आमचे हे म्हणाले, मीसुद्धा पेपर तोंडासमोर धरला.

बाळाराम काय बोलणार? त्याने शाल पांघरली. वाकून नमस्कारही केला. दळवीसाहेबांनी त्याला मिठी मारली, नारळ ठेवून घेतला, आणि म्हणाले, "भावना पोचली. शाल तूच ठेव, तुझी आहे. आणि थांब." कपाट उघडलं. "ही मंदाला दे. त्या दिवशी पोरीने विचारलं आणि मी नाही म्हटलं. चुकलंच माझं."

आम्हाला वरून दिसलं ते एवढंच: शाल परत द्यायला गेलेला माणूस दोन शाली घेऊन बाहेर आला. एक या खांद्यावर, एक त्या. चेहरा असा की आत्ता रडेल. वर मंदाकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरले, म्हणजे, मी काय करू?

मंदाला असं हसू फुटलं की तिने कठडा धरला, आणि कुबडी सुटून दोन मजले खाली गेली. बाळाराम जरा बाजूला होता म्हणून वाचला.

"अरे, एक काम सांगितलं होतं!" ती वरून ओरडली. काय तो आवाज! समोरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "एक शाल द्यायची होती! दोन घेऊन आलास? उद्या मेथीची जुडी परत करायला पाठवलं तर दुकान घेऊन येशील का? मूर्ख! बावळट! आणि नारळ कुठे आहे? नारळ पण देऊन आलास? आता उभा काय राहिलास, कुबडी घेऊन वर ये!"

पहिल्यांदाच अरे-तुरे. बाळाराम खाली उभा राहून ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू फुलत होता. मग कुबडी उचलून एकेक सोडून पायऱ्या चढत आला. मंदा माझ्याकडे वळून डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, हा थोर असूच शकत नाही. थोर माणूस एवढा बावळट नसतो." आणि तेवढ्यात तिने मला मिठी मारली. गुरवकाकू आतून रडतच बाहेर आल्या, पण त्यांना कोणी कारण सांगितलं नाही.

लग्न झालं. दळवीसाहेब पहिल्या पंगतीला होते, आणि मंदाने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की भाषण केलंत तर जिलबी मिळणार नाही. हिराबाई आणि ती पहिल्या आठवड्यापासून भांडायला लागल्या. हंडे बाळाराम आणायचा, आणि गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी त्यावरून आपापल्या नवऱ्यांना बोलून घेतलं, असं ऐकलं.

पुढे काही वर्षांनी आमच्या ह्यांची बदली नाशिकला झाली. फॅक्टरीतल्याच रिकाम्या खोक्यांत सामान भरलं, आणि न्यायला टेम्पो दुसरा कोणाचा असणार? मंदा स्वतः आली, लेकीला हिराबाईकडे ठेवून. कुबडी हवेत, आवाज तोच. "ते कपाट आधी. ती गादी मधे. ए, आरसा! आरसा!" मी दाराला शेवटचं कुलूप लावलं, खालचा पत्रा बघितला, आणि मला एकदम भरून आलं. मंदा म्हणाली, "रडू नका वहिनी, सोसायटीला वाटेल तुमच्या पायाला काहीतरी झालं."

ती पुढे चढून बसली. त्या टेम्पोचं इंजिन पुढच्या दोन सीटच्या मधेच असायचं, वर नुसतं पत्र्याचं झाकण, आणि गाडी चालली की ते तव्यासारखं तापायचं. कॅलिपरचं लोखंड त्याला लागलं की पाय भाजायचा. त्या झाकणावर शाली घडी करून घातल्या होत्या. दोन्ही. डिझेलचे डाग पडलेल्या, जर केव्हाच उडून गेलेली. बाळारामने गाडी सुरू करायच्या आधी, काही न बोलता, एकीचं टोक ओढून तिच्या पायाखाली सारखं केलं. तिनेही त्याच्याकडे बघितलं नाही. ती आरशातून मागे बघत होती.

"बाळाराम," ती म्हणाली. "मागे ते एक खोकं उलटं आहे."

"कुठं?"

"कुठं काय कुठं? मधोमध! बाण खाली आहे, मला इथून दिसतंय! किती वर्षं झाली, अजून बाण कळत नाही? वहिनींची काचेची भांडी असतील त्यात! लाज नाही वाटत?"

बोलत बोलतच टेम्पो निघाला. आम्ही बसने जाणार होतो, रस्त्यावर उभे होतो. वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. बाळारामची मान खाली होती, पण बाजूने मला त्याची मिशी दिसली, आणि तो हसत होता.

नाशिकला सामान उतरवून घेताना ते खोकं मी आधी उघडलं. आत फक्त चादरी होत्या. त्याने भरताना नीट बघून ठेवलं होतं, कोणतं खोकं उलटं केलं तर काही फुटणार नाही.